रंग एकच, दोष तीन: घरी स्प्रे कॅनने रंगवलेल्या एका मोटरसायकलचं प्रकरण

रंगवून झाली तेव्हा गाडी देखणी दिसत होती. धातूची झाक असलेला गडद निळा रंग, त्यावर चकचकीत क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, कुठे ओघळ नाही की टेपची जाड रेघ नाही. शेजारच्या मुलाने टाकी, दोन्ही साइड पॅनल आणि पुढचं मडगार्ड घरच्या घरी स्प्रे कॅनने रंगवलं होतं आणि त्याचा हात खरोखर चांगला होता. अडीच-तीन महिन्यांत त्याच गाडीचा रंग तीन ठिकाणी गेला, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने.

टाकीच्या झाकणाभोवती क्लिअर मऊ पडला, बोट लावलं की ठसा उमटायचा, आणि त्याच पट्ट्यात सुरकुत्या आल्या होत्या. टाकीच्या उजव्या बाजूला, जिथे जुना पोचा लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरून सपाट केला होता, तिथे बारीक फोड दिसू लागले. एक फोड नखाने उकलला तर आत तांबूस पूड. डाव्या साइड पॅनलच्या खालच्या कडेपासून रंगाचा पापुद्राच सुटायला लागला होता. टोक धरून ओढलं की निळा, राखाडी असे सगळे थर एकत्र निघत आणि खाली स्वच्छ काळं प्लास्टिक दिसे. उजवं पॅनल आणि मडगार्ड मात्र जसंच्या तसं होतं.

“काका, डबेच खराब निघाले,” असं त्याचं म्हणणं होतं. पण सगळे डबे एका वेळी घेतलेले, एका कंपनीचे. डबे खराब असते तर मडगार्डनेही मान टाकली असती. त्यामुळे मी बिघडलेल्या जागांच्या आधी न बिघडलेल्या जागांकडे पाहिलं. या प्रकरणात त्यांनीच जास्त सांगितलं.

आधी काय काय झालं होतं

त्याच्याकडून क्रमवार सगळं विचारून घेतलं. कारखान्यातला जुना रंग काढलेला नव्हता, तो 320 नंबरच्या सँडपेपरने घासून त्याची चमक घालवली होती. पोच्याच्या जागी रंग पत्र्यापर्यंत घासून लांबी भरली होती आणि ती वॉटर पेपरने, पाणी लावून घासली होती. मग सगळ्या भागांवर राखाडी प्रायमर (रंगाखालचा, रंग धरून ठेवणारा थर), निळ्याचे तीन-चार हात, क्लिअरचे तीन हात. टाकीचं झाकण काढलेलं नव्हतं, त्याच्या कड्याभोवती मास्किंग टेप लावून रंग मारला होता. डावं पॅनल मूळचं नव्हतं. जुनं तुटल्यावर बाजारातून आणलेलं ते नवं पॅनल होतं, काळ्या प्लास्टिकचं, कधीच न रंगवलेलं.

आणखी एक गोष्ट खूप विचारल्यावर बाहेर आली. झाकणाभोवतीचा रंग मऊ झालेला दिसल्यावर त्याने तो एक दिवस वाळू दिला होता आणि वरून क्लिअरचा आणखी एक हात मारला होता. सुरकुत्यांचा उगम तिथे होता.

झाकणाभोवतीचा रंग

नेहमीच्या स्प्रे कॅनमधला रंग, ज्याला रंगारी वन-के म्हणतात, तो बहुतेक वेळा ॲक्रिलिक लॅकर असतो. त्यातला थिनर उडून जातो आणि राळेचा थर मागे राहतो. त्याचं वाळणं म्हणजे एवढंच. त्या राळेच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या जात नाहीत, त्यामुळे योग्य द्रावक पुन्हा भेटला की थर पुन्हा मऊ होतो, मग तो चार दिवसांचा असो की चार महिन्यांचा. टू-के रंगात हार्डनर मिसळलेला असतो. तिथे थिनर उडून गेल्यावरही काम चालू राहतं, साखळ्या एकमेकींत गुंफून जाळं तयार होतं आणि ते जाळं पेट्रोलला दाद देत नाही. दोन्ही रंग बोटाला तासाभरात कोरडे लागू शकतात. म्हणून “चांगला वाळवला होता” हे वाक्य टाकीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

अंदाजावर न जाता तपासून पाहिलं. टाकीचा मागचा भाग सीटखाली जातो, तिथे नवा रंग अर्ध्यापर्यंतच पोचला होता आणि पुढे कारखान्याचा रंग उघडा होता. पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दोन्हींवर थोडा वेळ ठेवला. नव्या क्लिअरला बोळ्याचे धागे चिकटले, जुन्या रंगावर ओल्या डागाशिवाय काही उरलं नाही. मग फडक्यावर थिनर घेऊन पुसलं तर आधी निळा आला, मग राखाडी, आणि त्याखालचा कारखान्याचा रंग तसाच राहिला. ही चाचणी कुणालाही करता येते, आणि जुन्या रंगावर काहीही मारण्याआधी ती करावीच, असं माझं ठाम मत आहे. आपण कशावर रंग मारतोय हे फडकं सांगतं.

झाकण न काढल्यामुळे नुकसान वाढलं होतं. पेट्रोल भरताना सांडलेले थेंब कड्याभोवती जमतात. रंगाची कापलेली कड नेमकी तिथेच संपत होती, त्यामुळे पेट्रोल वरून मऊ करत होतं आणि कडेतून थरांच्या मध्येही शिरत होतं. झाकण उतरवून रंग कड्याच्या खालपर्यंत नेला असता तर ही कड उघडी राहिली नसती. वन-के क्लिअर तरीही टिकला नसता, पण इतक्या लवकर गेला नसता.

सुरकुत्यांचं कारण सोपं आहे. खालचा थर पेट्रोलने फुगलेला होता. नव्या क्लिअरची वरची साय आधी वाळली आणि खालचा भाग हलत राहिला. त्यावर आणखी एक हात मारला असता तर सुरकुत्या आणखी खोल झाल्या असत्या. मऊ पडलेल्या थरावर काही मारून तो घट्ट होत नाही, तो काढावाच लागतो.

पोच्याच्या जागचे फोड

इथे पेट्रोलचा संबंध नव्हता. पत्रा बदलण्याऐवजी जी लांबी भरतात ती पॉलिएस्टरची असते, तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. पाणी लावून घासलेल्या लांबीत ओल मुरली. वरचा राखाडी प्रायमर फक्त रंग धरून ठेवण्यापुरता होता, ओल अडवण्याची ताकद त्यात नव्हती. लांबीच्या खाली उघडा पत्रा होता. ओल आणि पत्रा एकत्र आले, वर रंगाने झाकण घातलं, आणि गंज आतून वाढू लागला. फोड वर दिसले तोवर खाली नाण्याएवढा डाग झाला होता.

घरी रंगवणारे पाण्याचा पेपर आवडीने वापरतात, कारण धूळ उडत नाही आणि पेपर लवकर भरत नाही. रंगावर आणि क्लिअरवर तो योग्यच आहे. पण उघड्या लांबीवर आणि उघड्या पत्र्यावर कोरडंच घासावं आणि धुळीसाठी तोंडाला मास्क बांधावा.

डावं पॅनल

दोन्ही पॅनल काढून मागची बाजू पाहिली. प्लास्टिकच्या भागांवर आतून बहुतेक वेळा अक्षरं कोरलेली असतात. उजव्यावर एबीएस होतं, डाव्यावर पीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलिन. एबीएसला रंग सहज धरतो, शिवाय उजव्या पॅनलवर कारखान्याचा रंग होताच, नव्या थराला पकडायला घासलेली रंगीत पाठ मिळाली. पॉलीप्रॉपिलिनचा पृष्ठभाग रंगाला जवळच करत नाही. त्यावर साधा प्रायमर मारला तर तो पसरतो, वाळतो, दिसतो छान, पण धरत नाही. त्यात नव्या भागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असू शकतो, तो वेगळाच.

अक्षरं सापडली नाहीत तर आतल्या कडेचा एक बारीक काप काढून पाण्यात टाकावा. पॉलीप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं, एबीएस बुडतं. एक सावधगिरी मात्र हवी. थिनरची चाचणी प्लास्टिकवर करू नये. थिनर एबीएसला खातो, पृष्ठभाग चिकट होतो आणि नंतर तडे जाऊ शकतात.

मडगार्ड का टिकलं, हे आता उघड आहे. लोखंडी पत्रा, त्यावर शाबूत असलेला कारखान्याचा रंग, नीट घासलेला, लांबी कुठेच नाही, पेट्रोल पोचत नाही. तोच हात, तेच डबे, त्याच दिवशीचं काम. फरक होता तो खाली काय आहे आणि वर काय सांडणार आहे, या दोनच गोष्टींचा.

काय करायचं ठरवलं

मुलाला वाटत होतं की आता सगळंच उतरवून पुन्हा पहिल्यापासून करावं. मला ते पटलं नाही. मडगार्ड आणि उजवं पॅनल चांगल्या स्थितीत असताना ते घासून काढणं म्हणजे चांगलं काम मोडणं. त्यामुळे टाकीवरचा नवा रंग पूर्ण काढायचा आणि डावं पॅनल नव्याने करायचं, बाकी हात लावायचा नाही, असं ठरलं.

टाकीच्या क्लिअरवर मात्र बराच वेळ गेला. टू-के क्लिअर आता स्प्रे कॅनमध्येही मिळतो. डब्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते, डबा हलवायचा आणि तो ठरावीक वेळातच संपवायचा, साधारण एक-दोन दिवसांत. उरलेला डबा नंतर कामाचा राहत नाही. पेट्रोलला टिकणारा थर घरच्या घरी मिळवण्याचा हा खरा मार्ग आहे, आणि तो मिळतो हे चांगलंच आहे.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. धोक्याच्या पातळीला त्याचा वास येईलच असं नाही. म्हणजे मास्कमधलं वाफ गाळणारं काडतूस संपलं तरी नाकाला कळत नाही. याच कारणाने रंगकामाच्या व्यावसायिक शेडमध्ये बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे मुखवटे वापरतात. धुळीचा पांढरा मास्क किंवा रुमाल इथे काहीच कामाचा नाही. उघड्या जागी, सेंद्रिय वाफांचं काडतूस आणि कणांची गाळणी असलेला नीट बसणारा मास्क, गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि आसपास दुसरं कुणी नाही, ही सगळी तयारी असेल तरच तो डबा उघडावा.

या मुलाला लहानपणी दम्याचा त्रास होता. प्रश्न तिथेच संपला. टाकीची सगळी तयारी आणि रंग घरी करायचा, आणि फक्त क्लिअर गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडून मारून घ्यायचा, असं ठरलं. ज्याच्याकडे मोकळी जागा किंवा योग्य मास्क नाही त्यानेही हेच करावं असं मला वाटतं. घरी रंगवण्याचं बहुतेक काम घासण्यात आणि तयारीत असतं, ते आपलंच राहतं.

टाकी

पेट्रोल काढून टाकलं, कॉक, झाकण आणि पेट्रोल मोजणारा फ्लोट उतरवला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हे पुष्कळांना माहीत नसतं. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने भडका उडतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ त्या प्रमाणात सहज असू शकते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी असते. म्हणून टाकी तोंड उघडं ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्यावर ठेवली, मग सगळी भोकं बुचांनी आणि टेपने बंद केली, आणि घासण्याचं सगळं काम हाताने केलं. ग्राइंडर नाही, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रशही नाही. स्प्रे कॅनमधून रंग ढकलणारा वायूही बहुधा ज्वालाग्राही असतो, तेव्हा शेगडी, देवघरातला दिवा, गिझर यांच्याजवळ रंगकाम करायचंच नाही.

वन-के रंगाचा जो दुबळेपणा नडला तोच इथे उपयोगी पडला. थिनरच्या फडक्याने सगळा नवा रंग पुसून निघाला, घासावं लागलं नाही, आणि कारखान्याचा थर शाबूत राहिला. तो थर भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यापेक्षा चांगला पाया घरी तयार होत नाही. थिनरचं फडकं त्यावर ठेवून द्यायचं नाही, पुसायचं आणि उचलायचं, एवढंच पथ्य.

पोच्याची लांबी पूर्ण काढली. गंज 80 आणि मग 120 च्या पेपरने पत्रा लख्ख दिसेपर्यंत घासला. गंज बदलणारं आम्लाचं द्रावण मी टाळलं, कारण त्याचा अंश राहिला तर त्यावर इपॉक्सी, म्हणजे ओल अडवणारा प्रायमर, नीट धरत नाही. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला. हा प्रायमरही हार्डनर मिसळलेल्या डब्यात मिळतो. त्याचा हार्डनर सहसा आयसोसायनेटचा नसतो, पण त्वचेला त्याची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे आणि वाफांचा मास्क त्यालाही लागतोच, आणि ते काम मुलाला दूर ठेवून मी केलं. इपॉक्सी पक्का झाल्यावर त्याला हलकं घासून त्यावर लांबी, म्हणजे लांबी आणि पत्रा यांच्यामध्ये ओल अडवणारा थर आला. लांबी कोरडीच घासली, आधी 80, मग 180. वरून पुन्हा इपॉक्सी. बाकीची टाकी 600 आणि 800 च्या वॉटर पेपरने मंद केली, तिला प्रायमरची गरजच नव्हती.

रंग मारण्याआधी एका जुन्या डब्याच्या झाकणावर सगळे थर मारून नमुना केला: इपॉक्सी, निळा, आणि कारागिराच्या शेडमधला टू-के क्लिअर. वन-के रंगावर टू-के क्लिअर बसतो, पण खालचा रंग जाड असेल आणि त्यात थिनर अडकलेला असेल तर वर बुडबुडे येतात किंवा रंग उचलला जातो. नमुना स्वच्छ आला, टेप चिकटवून ओढली तरी काही निघालं नाही, मग टाकीला हात लावला.

निळ्या रंगाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धातूची झाक असलेल्या रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात आणि त्या कशा आडव्या बसतात त्यावर छटा ठरते. ओला हात मारला की चकत्या तरंगून ढग उमटतात, फार लांबून कोरडा मारला की रंग फिका आणि खरखरीत दिसतो. म्हणून टाकी गाडीवर ज्या स्थितीत असते तशीच ठेवली, सगळे हात पुढून मागे एकाच दिशेने, साधारण 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. नोझल टाकीच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. पहिला हात नुसत्या धुक्याइतका. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं. शेवटचा हात थोडा आणखी लांबून, हलका, ढग असतील तर त्याने मिटतात. झाकीच्या रंगाला क्लिअरच्या आधी पेपर लावायचा नाही, चकत्या ओरखडतात आणि ती रेघ क्लिअरखाली कायमची राहते.

हवा कोरडी असेल असाच दिवस निवडला. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल बसते आणि रंग दुधाळ पडतो. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवावा, फवारा बारीक पडतो. गरम पाण्यात नाही. 50 अंशांच्या वर डबा जाऊ द्यायचा नाही, हे प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी टाकी कारागिराकडे गेली. झाकण उतरवलेलंच होतं, त्याने क्लिअर कड्याच्या आतपर्यंत उतरवला.

पॅनल आणि त्यानंतर

डाव्या पॅनलवरचा रंग टेप लावून ओढला तर जवळजवळ सगळा निघाला. साबणाच्या पाण्याने धुतलं, खरखरीत पॅडने घासलं, पुन्हा धुऊन वाळवलं. मग पॉलीप्रॉपिलिनसाठीचा पकड देणारा प्रायमर, अगदी पातळ. तो जाड मारला तर स्वतःच मऊ थर होऊन बसतो. डब्यावर दिलेल्या वेळेत त्यावर निळा, मग उरलेला वन-के क्लिअर. या जागी पेट्रोल येत नाही, त्यामुळे तो पुरेसा आहे.

टाकीत आठवडाभर पेट्रोल भरलं नाही. टू-के क्लिअर हाताला दुसऱ्या दिवशीच कडक लागतो, पण आतलं जाळं पूर्ण व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. नंतर कापसाच्या बोळ्याची तीच चाचणी झाकणाजवळ केली. बोळा उचलला, जागा पुसली, चमक तशीच. त्यानंतर बरेचदा पेट्रोल सांडलं आहे आणि कड्याभोवती काही झालेलं नाही. पोच्याच्या जागी एक पावसाळा गेला, फोड नाही.

सगळं निर्दोष झालेलं नाही. टाकीची चमक पॅनलपेक्षा खोल दिसते, उन्हात फरक कळतो. वन-के भागांवर रबिंग कंपाउंड फिरवल्यावर तो कमी झाला, गेला नाही. डाव्या पॅनलची मागची खुंटी जिथे रबरात दाबून बसते तिथे रंगाचा टवका उडाला आहे. त्या खुंट्या रंगवण्याआधी टेपने झाकायला हव्या होत्या. टवका आतल्या बाजूला आहे आणि पसरत नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही.